तळघरातली ओल

मराठी घराच्या कल्पनेत जोत्याला मान आहे, तळघराला नाही. वाड्याच्या पोटात धान्याचे बळद असे, गावात पेव असे. नांदते घर मात्र जमिनीच्या वर. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. आणि एवढे खणलेच, तर तेथे एक मजला काढावा, असा सरळ हिशेब. न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या एका भागाखाली असे तळघर आहे, आणि मागाहून वाढवलेल्या भागाखाली ‘क्रॉल स्पेस’, म्हणजे रांगत जावे लागेल एवढ्याच उंचीची पोकळी. गास्तों बाशलार या फ्रेंच विचारवंताने घराचा विचार करताना माळा आणि तळघर ही दोन टोके कल्पिली: माळा विवेकाचा, तळघर अतर्क्याचे. आमच्या तळघरात मराठी पुस्तके होती.

परदेशातल्या अनेक मराठी घरांत आम्ही हा प्रवास पाहिला आहे. पुस्तके आरंभी दिवाणखान्यात असतात. मुले देवनागरी वाचत नाहीत हे हळूहळू स्पष्ट होते आणि कपाटे जिना उतरू लागतात. आधी दिवाळी अंक, मग कादंबऱ्या, शेवटी कविता.

१ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयडा’ वादळाच्या अवशेषांनी न्यूअर्कमध्ये एका दिवसात ८.४१ इंच पाऊस पाडला. न्यूयॉर्कमध्ये तळघरांतल्या बिऱ्हाडांत माणसे बुडून मेली. त्या मानाने आमचे नुकसान सांगण्याजोगे नाही: भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून पाणी झिरपले, कपाटांचे खालचे खण भिजले. ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरू लागतो, म्हणून आम्ही अंक पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवले आणि पुढे थोडे थोडे काढून वाळवले. गुळगुळीत कागदाच्या अंकांच्या मात्र विटा झाल्या. त्या उघडल्या नाहीत.

एका कंत्राटदाराने भिंतीला आतून जलरोधक रंग दिला. वर्षाच्या आत त्याचे पापुद्रे सुटले आणि मागे पांढरा लोणा फुटलेला दिसला. भिजलेल्या मातीतले पाणी पायावर बाहेरून रेटा देते. आतला रंग तो रेटा कमी करत नाही, केवळ झाकतो. खरे काम बाहेर होते. छताच्या पन्हळींचे पाणी पायाशी न सोडता दूर नेले; भिंतीलगतच्या जमिनीला पहिल्या १० फुटांत ६ इंचांचा उतार दिला; बाहेरून चर खणून त्यात खडी आणि छिद्रांची नळी घातली. अशा चराला येथे ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. फ्रान्सशी त्याचा संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच या न्यायाधीशाने १८५९ साली शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिला, त्याचे ते नाव.

क्रॉल स्पेसची गोष्ट अधिक विपरीत. हवा खेळली की ओल जाते, या जुन्या समजुतीने तिला झरोके ठेवलेले होते. पण येथल्या दमट उन्हाळ्यात बाहेरची उष्ण हवा त्या थंड पोकळीत शिरते आणि तुळयांवर दवासारखी जमते. शिवाय घरातली ऊबदार हवा वर चढून निघून जाते, तेव्हा खालची कुबट हवा खोल्यांत ओढली जाते. झरोके बुजवले, मातीवर जाड प्लास्टिक अंथरून भिंतींवर चढवले, हवेतली ओल काढणारे यंत्र ठेवले.

रविवारच्या मराठी शाळा, मंडळांची स्नेहसंमेलने हे सर्व आवश्यकच आहे. पण तोही आतून दिलेला रंग आहे काय, ही शंका आम्हांला तेव्हापासून सोडत नाही. मुलांवर बाहेरून जो इंग्रजीचा रेटा येतो, त्याला वाट कोठे काढून द्यावी, हे सांगणारा निचऱ्याचा ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

तळघर आता कोरडे आहे. पुस्तके परत खाली नेण्यास कोणतीच अडचण उरलेली नाही. तूर्त ती जेवणाच्या टेबलाजवळ आहेत, आणि मुलांना जाता-येता त्यांच्या पाठीवरची नावे दिसतात. काही अक्षरे ओळखता येतात, एवढे त्यांनी मान्य केले आहे.