सगळ्यांनाच घाई!

बालमित्रांनो, वेबसाइट उघडायला वेळ लागला की आपण काय म्हणतो? "नेट स्लो आहे!" जसं काही नेट म्हणजे चालता चालता बसकण मारणारा बैलच. पण मला विचाराल तर नेट पुष्कळदा हळू चालतं ते आळसामुळे नव्हे, सगळ्यांच्या घाईमुळे.

कसं ते ऐका. आपण पाठवलेली माहिती सलग जात नाही. तिचे छोटे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. वाटेत राउटर नावाची यंत्रं त्यांना पुढचा रस्ता दाखवतात. गर्दी झाली की पॅकेटं रांगेत थांबतात. रांगेतही जागा उरली नाही, तर राउटर नवी पॅकेटं चक्क टाकून देतो! मग पोच मिळाली नाही म्हणून पाठवणारा संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. म्हणजे आधीच गर्दी, त्यात आणखी भर!

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ऑक्टोबर १९८६ मध्ये असंच घडलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर अवघं ४०० यार्ड. तिथे माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला! इंग्रजीच्या एका अक्षराला ८ बिट धरले, तर सेकंदाला चार हजार अक्षरांऐवजी फक्त पाच. दोन पानी पत्र हातात घेऊन कुणी चालत गेलं असतं, तरी आधी पोचलं असतं.

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी याचा छडा लावला. १९८८ मध्ये जेकबसन यांनी उपाय मांडला. तो रस्ता रुंद करण्याचा नव्हता, तर संगणकांना रीत शिकवण्याचा होता. सुरुवात थोड्या पॅकेटांनी करायची. पोच वेळेवर आली, तर संख्या वाढवत न्यायची. एखादं पॅकेट हरवलं, की पुढे गर्दी आहे असं समजून हात आखडता घ्यायचा.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. इथे शिट्टी वाजवणारा पोलीस नाही की दंड नाही. प्रत्येक संगणक आपणहून दमानं घेतो, म्हणून सगळ्यांचं काम होतं. आजही इंटरनेटवरची बरीचशी वाहतूक याच समजूतदारपणावर चालते.

पण आपल्या बोटांचं काय? दहावी-बारावीच्या निकालादिवशी एकाच घरात तीन-तीन मोबाइलवर तोच नंबर घातला जातो. पान उघडेना की पुन्हा दाब, पुन्हा दाब! दर वेळी नवी मागणी जाते आणि वेबसाइटच्या दारातली रांग वाढते. त्या रांगेत शेजाऱ्यांचा मोबाइल दहा मिनिटांसाठी मागून आणलेली एखादी मुलगीही असते. तिची दहा मिनिटं आपल्या घाईत संपून जातात.

म्हणून निकाल पाहताना एका घरातून एकच मोबाइल. एकदा दाबलं की थोडं थांबायचं. आईबाबांनाही सांगा बरं का! मिळालेले गुण काही पळून जात नाहीत.