उतरवून घेणे

दिवाळी जवळ आली की मराठी घरात जी साफसफाई सुरू होते, तिच्यात धुळीइतकेच मतभेदही बाहेर पडतात. माळ्यावरचे काय ठेवायचे आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर काय घालायचे, या प्रश्नावर प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. एक पक्ष वस्तूंचा कैवारी, दुसरा जागेचा. आमच्या घरी मी पहिल्या पक्षात आहे, चिरंजीव दुसऱ्या. आणि सौभाग्यवती ज्या बाजूला केरसुणी लवकर फिरेल त्या बाजूला. यंदा वादाचा विषय झाली ती माझी चित्रपटांच्या तबकड्यांची पत्र्याची पेटी.

पेटीत शंभरेक तबकड्या असतील. खालच्या थरात व्हीसीडी, मधल्यात डीव्हीडी आणि सर्वांत वर, मऊ कापडात गुंडाळलेल्या, पंधरा-वीस ब्लू-रे. ही वरची जात आमच्या धाराशिवातल्या एखाद्या दुकानात विकत मिळाल्याचे मला आठवत नाही. अमेरिकेतला भाचा दर खेपेस चॉकलेटांऐवजी दोन-तीन तबकड्या घेऊन येतो, आणि त्या चालवायचे यंत्रही त्यानेच आणून दिले आहे. ते तिथलेच असावे लागते. ब्लू-रे काढणाऱ्यांनी जगाचे तीन विभाग पाडले आहेत. अमेरिका एकात, आपण दुसऱ्यात, आणि पुष्कळ तबकड्या आपल्या विभागाबाहेरच्या यंत्राला ओळखच देत नाहीत. सोवळे-ओवळे फक्त आपल्याकडेच असते असे ज्यांना वाटते, त्यांनी याचा विचार करावा.

“अण्णा, ही अडगळ आता कशाला?” चिरंजीव म्हणाले. ते पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतात. “कुठलाही चित्रपट हवा तेव्हा उतरवून घेता येतो.”

‘डाऊनलोड’ या शब्दाला त्यांनी वापरलेला ‘उतरवून घेणे’ हा शब्द माझ्या मनात घर करून बसला. आमच्या आजोबांच्या पिढीत पोथी उतरवून घेत. शेजारच्या गावी चांगली प्रत आहे असे कळले, की कागद, बोरू आणि शाई घेऊन जायचे, चार दिवस तिथे राहायचे आणि अक्षरन् अक्षर उतरवून आणायचे. मूळ पोथी तिच्या घरी राही आणि दुसरी आपल्या घरी येई. चिरंजीव म्हणतात ते उतरवणे याच जातीचे असेल, तर मग पेटी द्यायला माझी काय हरकत असावी?

आमच्या जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमेळा जमला असताना मुक्ताबाईने त्यांना विचारले, यांतली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती. आणि काकांनी थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिले, ही कथा इकडची पोरेसोरेही सांगतात. तेच थापटणे दोन्ही बाजूंवर मारून पाहावे, असे मी ठरवले.

प्रथम चिरंजीवांच्या बाजूचे. आमच्या भागाने चित्रपट किती रूपांत पाहिला! जत्रेतल्या तंबूत, पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिला. पुढे गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा आणि भाडे वसूल व्हावे म्हणून पहाटेपर्यंत तीन चित्रपट ओळीने पाहायचे, असा रिवाज पडला. मग व्हीसीडी आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने तीस-पस्तीस रुपयांत चित्रपट विकायला काढले, तेव्हा किराणा दुकानात साबणाशेजारी तबकड्या लटकू लागल्या. ती कंपनीही २०१८ मध्ये अवसायनात निघाली. तंबू गेला, व्हीसीआर गेला, व्हीसीडी गेली. त्या प्रत्येकासाठी एकेकदा जीव टाकला होता, पण कुणी सुतक पाळले नाही. मग ब्लू-रेचेच एवढे काय?

शिवाय तबकडीला यंत्र लागते आणि यंत्र करणारे पाय काढता घेत आहेत. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी नवी ब्लू-रे यंत्रे आणणे थांबवले. सोनीने तर घरी भरता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. उद्या माझे यंत्र बिघडले, तर धाराशिवात ते दुरुस्त करणारा शोधायला कंदील घेऊन फिरावे लागेल. थापटण्याखाली तबकडीचा आवाज थोडा बद्द येतो, हे मान्य केले पाहिजे.

आता दुसरी बाजू. ब्लू-रे म्हणजे साध्या डीव्हीडीएवढीच बारा सेंटिमीटरची चकती. पण ती वाचणारा किरण तांबड्याऐवजी निळसर-जांभळा असतो. त्याचा ठिपका बारीक पडतो आणि म्हणून त्याच जागेत अधिक मजकूर मावतो. एका थरात २५ गिगाबाइट, दोन थरांत ५०. चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मजकूर तिथून येऊ शकतो; तारेवरून किंवा हवेतून येणारा तसाच चित्रपट साधारण पाचाच्या आसपास भागवतो. पाच मेगाबिटांत चेहरा दिसतो, चित्रपटही कळतो. पण अंधाऱ्या ओसरीवरच्या कंदिलाचा उजेड जिथे काळोखात विरतो, त्या कडेला पायऱ्या पडलेल्या दिसतात. आणि आमच्या फोनला रोजचा शिधा दीड-दोन गिगाबाइटचा. चार-पाच गिगाबाइटचा चित्रपट उतरवायचा म्हणजे दोन-तीन दिवसांचे रेशन एकदम उचलणे होय. त्यात वीज गेली की टॉवरही डोळे मिटतो.

पण ही गैरसोय आज ना उद्या दूर होईल. माझी खरी हरकत निराळी आहे. चिरंजीवांनीच दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आईच्या वाढदिवसाला एक जुना मराठी चित्रपट पैसे भरून ‘विकत’ घेऊन दिला होता. सौभाग्यवतींनी तो तीनदा पाहिला. चौथ्यांदा त्यांच्या बहिणी माहेरपणाला आल्या, सगळ्या जेवणे आटोपून पडद्यासमोर बसल्या, तर चित्रपटाच्या जागी एक नम्र इंग्रजी वाक्य: हे आता उपलब्ध नाही. कंपनीचा मूळ मालकाशी असलेला करार संपला होता. आमची वस्तू कुणी चोरली नव्हती; ती आमची कधी झालीच नव्हती.

जगात इतरत्रही हे घडले आहे. २००९ च्या जुलैत अॅमेझॉनने विकलेली ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याला तिचा हक्क नव्हता असे नंतर उघड झाले होते. पैसे परत केले, दिलगिरीही व्यक्त केली. पण पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री आपल्या घरात शिरून फडताळातले पुस्तक नेले आणि उशाशी पैसे ठेवले, तर आपण काय म्हणू? कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच झाला आहे, की जिथे फक्त वापरण्याचा परवाना दिला जातो, तिथे गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असा शब्द वापरू नये.

म्हणजे आजोबांचे उतरवून घेणे आणि चिरंजीवांचे उतरवून घेणे यांत शब्द तेवढा एक. आजोबांच्या उतरवण्याने पोथ्या दोन होत. इकडे प्रत एकाच्याच कोठारात राहते, आणि आपल्याला मिळते ती दारातून डोकावण्याची परवानगी.

प्रत दुसऱ्या घरी असणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते निजले असताना, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातले सास्तूर ही नावे तेव्हा जगाला कळली. दगड-मातीच्या जाड भिंती, ज्यांच्या भरवशावर उन्हाळे काढले, त्याच माणसांवर आल्या. माझी मावशी लोहारा तालुक्यातली. ती वाचली, तिचे यजमान गेले. घरातली ट्रंक ढिगाऱ्यातून निघाली तेव्हा आतल्या फोटोंचा पावसाने चिखल झाला होता. यजमानांचा चेहरा दिसेल असा एकही कागद तिच्याकडे उरला नाही.

मात्र त्यांच्या लग्नातल्या एका फोटोची प्रत माझ्या आईने त्या वेळी मागून घेतली होती आणि ती आमच्या ओसरीवर काचेत टांगलेली होती. तिच्यावरून शहरातल्या फोटोवाल्याकडून नवी प्रत काढून आम्ही मावशीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये, नेऊन दिली. तिने ती पदराने पुसली आणि म्हणाली, “तुमच्या भितीवर व्हते म्हनून मला पुन्हा दिसले, बाबा.” पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्याच वर्षी, भूकंपाच्या दोन महिने आधी, जुलै १९९३ मध्ये लंडनला एका फिल्म प्रयोगशाळेत आग लागली आणि सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हही तीत होरपळल्या. जळके तुकडे टाकून न देता अमेरिकेत जपून ठेवले गेले. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या गावच्या कारागिरांनी त्यांतल्या फितीचा कडकपणा घालवला, तुटलेल्या कडा हातांनी सांधल्या, आणि जे पार जळाले होते ते इतर संग्रहांत राहिलेल्या प्रतींवरून भरून काढले. २०१५ मध्ये हे तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. भाच्याने आणलेल्या ब्लू-रेमध्ये मी जपतो ती हीच पेटी. कुणा ना कुणाच्या भिंतीवर प्रत होती, म्हणून दुर्गा आणि अपू काशाच्या फुलांतून आगगाडी पाहायला आजही धावतात. उलट आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. त्याची एकही प्रत आज कुठे नाही.

तबकडी अमर असते असे मी म्हणत नाही. माझे घर पडले तर माझी पेटीही चिरडेल. पण तशीच पेटी हजार घरांत असते आणि हजार घरे एका रात्रीत पडत नाहीत. एका कोठाराचा करार मात्र एका रात्रीत संपतो. तबकडीची नक्कल काढू नये असे कायदा सांगतो, ते मी पाळतो. पण ती शेजाऱ्याला पाहायला द्यायला, भाचीला आंदण द्यायला, माझ्यामागे नातवाच्या हाती जायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून चिरंजीवांशी माझा तह झाला तो असा. ज्या दिवशी चित्रपट विकणारे कुलूप न लावता तो आपल्या हाती देतील, आपण तो आपल्या संगणकावर ठेवू, दुसरी प्रत मुलाच्या घरी ठेवू, त्या दिवशी ही पेटी मी स्वतः भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवीन. हे अशक्य नाही. अॅपलने २००९ मध्ये गाण्यांवरचे कुलूप काढले आणि त्याने कुणाचे आकाश कोसळले नाही. चित्रपटांवरचे अजून निघायचे आहे. तोवर पाहण्यापुरते उतरवून घ्यावे, खुशाल घ्यावे. प्रवासात, आजारपणात, कंटाळलेल्या दुपारी त्याच्यासारखी सोय नाही. पण जे पुन्हा पाहावेसे वाटेल, जे मुलांना दाखवावेसे वाटेल, ते हाताला लागेल असे घरात असावे.

चिरंजीवांनी तह मान्य केला, आणि जाताना ‘पथेर पांचाली’ची तबकडी पिशवीत घालून घेतली. पुण्याला त्यांच्या मित्राकडे तसले यंत्र आहे म्हणे. सुनेला आणि नातवाला दाखवायची आहे. मी यादीच्या वहीत तारीख टाकून नोंद केली. पाडव्याला फराळाचा डबा परत येईल, त्यात ती असावी असे बजावूनही ठेवले आहे.