कोयनेचा पाऊस आणि मावशीची पेटी

मैत्रिणींनो, ऐन पावसाळ्यात कोयनानगरला जायचा योग आला तर छत्री विसरलात तरी चालेल, तिचा तिथे फारसा उपयोग नाही; पुस्तक मात्र विसरू नका. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत! कऱ्हाडहून निघालेली एसटी पाटण मागे टाकून पुढे गेली की काचेबाहेर हिरव्या-पांढऱ्यापलीकडे काही दिसत नाही. नवजाचा ओझर्डे धबधबा बघायचा आमचा बेत दोन दिवस नुसता चहाबरोबर चघळला गेला. जळवांच्या धास्तीनं मुली बाहेर पडायला तयार नाहीत, वीज गेलेली, भजी तळून-खाऊन झालेली. मग मावशीची पेटी उघडली.

पेटी पत्र्याची, तिच्या लग्नातली. मला वाटलं, आत शालू असेल. निघाल्या रहस्यकथा! बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार नि काळापहाड, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, तळाशी नारायण धारप. आणि इतक्या दमट हवेत बुरशीचा एक ठिपका नाही. कसं, ते मी लगेच विचारून घेतलं. कडुनिंबाचा पाला कडकडीत वाळवून मधे मधे घालायचा, दसऱ्यानंतरच्या उन्हात पुस्तकं एकदा उलगडून ठेवायची आणि पेटी कधी भिंतीला टेकवायची नाही.

आमच्या आईला बहिणीचा हा नाद मुळीच पसंत नव्हता. ‘बाईमाणसानं काय वाचायचं ते खुनाबिनाचं!’ मावशी त्यावर कधी बोलली नाही. या खेपेला बोलली.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून गेलेले. काका धरणाच्या कामावर, मावशी नवी नवरी. भूकंप साडेसहा रिश्टरच्या आसपासचा. वसाहतीतली बहुतेक घरं मोडली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. ही दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळाली. शेजारची बाई, जिच्याकडून मावशीनं आदल्या रात्री विरजण आणलं होतं, ती बाहेर आलीच नाही.

तेव्हापासून मावशीला पहाटे चारला जाग येते. ‘नुसतं छताकडे बघत किती पडायचं गं? काकांनी एकदा स्टँडवरून झुंजार आणून दिला. त्यात बरं असतं. रात्री काय झालं, कोणी केलं, ते उजाडेपर्यंत कळतं.’

कोयनेच्या रहस्याचं मात्र तसं नाही. धरणात पाणी साठू लागलं साठीच्या सुरुवातीला, आणि त्यानंतर धक्के जाणवू लागले. पाणी खोल भेगांत झिरपतं, आधीच ताणात असलेल्या खडकाला निमित्त होतं, असं शास्त्रज्ञ सांगतात. गोठण्याजवळ त्यांनी तीन किलोमीटर खोल भोकसुद्धा पाडून पाहिलं. पण पुढचा धक्का कधी, हे अजून कोणालाच सांगता येत नाही.

असो. तुम्ही या वाटेला नवीन असाल तर अर्नाळकरांपासून सुरुवात करा. हजाराहून अधिक कथा लिहिल्या त्यांनी. एका दुपारी एक संपते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात हे आधीच सांगते! शिरवळकर ‘दुनियादारी’मुळे सगळ्यांना माहीत, पण त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास वाचलात का? कोर्टातली उलटतपासणी मला त्यांची जास्त आवडते. धारप एकटीनं रात्री वाचू नका. ‘तुंबाड’ सिनेमाचं मूळ त्यांच्याच कथेत आहे, म्हणजे कल्पना येईल. रत्नाकर मतकरींची गूढकथा तर आपल्यासारख्याच घरात घडते, म्हणून जास्त झोंबते. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स मुलांच्या हाती बेधडक द्या. आणि अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल! १९३० साली कादंबरीत आलेली ही म्हातारी विणकाम करता करता खुनी पकडते. शेजारणींच्या गप्पांतून काय काय कळतं, हे पुरुष लेखकांना सुचलं नसतं, असं आपलं माझं मत.

मावशीला आता मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून यंदा पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात मी वाचून दाखवत होते. मुखपृष्ठ गेलेली कुठलीशी कथा, एक वाडा, एक मृत्युपत्र. मधेच फळीवरच्या कपबश्या किणकिणल्या. पलंग किंचित हलला. मी थांबले, मावशीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

‘वाच गं पुढे,’ ती म्हणाली, ‘दिवाणजी अजून जिवंत आहे.’