उतार, निचरा आणि निवड

गोल्फचे मैदान पाहणाऱ्याची नजर बहुधा हिरवळीवर आणि तळ्यांवर खिळते. पण मैदान आखणाऱ्याचे खरे कसब हिरवळीखाली, जमिनीच्या चढउतारांत आणि पाण्याच्या वाटांत असते. त्याची पारख करू पाहणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत: या मैदानाने खेळाडूपुढे कोणते पर्याय ठेवले आहेत, आणि ते पर्याय जमिनीनेच सुचवलेले आहेत की तिच्यावर लादलेले? या पारखीला बंगळुरू मोठे सोयीचे शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहराचे पाणी हेब्बाळ, कोरमंगला-चल्लघट्टा आणि वृषभावती या तीन मुख्य खोऱ्यांतून वाहून जाते. येथील दोन नामांकित मैदानांपैकी १८७६ साली स्थापन झालेल्या बंगलोर गोल्फ क्लबचे मैदान ‘हाय ग्राउंड्स’ या उंचावरच्या भागात आहे, तर कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान खोऱ्यात, पूर्वीच्या चल्लघट्टा तलावाच्या जागेवर आहे.

एकोणिसाव्या शतकात मैदान ‘रचणे’ ही बेताचीच गोष्ट होती. जाणत्या खेळाडूने माळ पायाखाली घालायचा, जिथून फटका मारायचा त्या ‘टी’साठी आणि जिथे चेंडू खळगीत घालायचा त्या ‘ग्रीन’साठी जागा हेरायच्या, खुंट्या ठोकायच्या आणि पुढचे काम माळ्यांवर सोपवायचे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड टॉम मॉरिस असाच काम करी. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅरी कोल्ट, डॉनल्ड रॉस आणि ॲलिस्टर मॅकेंझी यांच्या पिढीने याला स्वतंत्र व्यवसायाचे रूप दिले. मॅकेंझी हा शिक्षणाने डॉक्टर. बोअर युद्धात बोअर सैनिकांनी खंदक भूप्रदेशात कसे बेमालूम लपवले होते ते त्याने पाहिले, आणि वाळूचे खड्डे म्हणजे ‘बंकर’ रचताना तीच दृष्टी वापरली. ग्रीनला खेटून असल्यासारखा भासणारा बंकर प्रत्यक्षात बराच अलीकडे असतो, तेव्हा फसते ती खेळाडूची नजर, आणि फटक्याचा अंदाज तिच्याच भरवशावर बांधलेला असतो.

या विद्येत तीन परंपरा मानल्या जातात. दंडात्मक रचनेत चुकीला क्षमा नसते: वाट एकच, आणि ती सोडली की शिक्षा. वीरश्रीच्या रचनेत पाणी किंवा दरी तिरकी आडवी येते आणि जेवढे साहस करावे तेवढा लाभ पदरात पडतो. तिसरी रचना डावपेचांची. तिच्यात, समजा, रुंद फेअरवेच्या, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, उजव्या कडेला एक बंकर आहे आणि ग्रीनचे तोंडही उजवीकडेच उघडे आहे. डावीकडून सुरक्षित खेळणाऱ्याला चेंडू सहज सापडतो, पण पुढचा फटका ग्रीनच्या डाव्या खांद्यावरच्या उंचवट्यावरून न्यावा लागतो, तर बंकरला घासून जाण्याची जोखीम पत्करणाऱ्याला पुढची वाट मोकळी मिळते. एका बंकरने दोन फटक्यांचा विचार एकत्र बांधला, नवशिक्याचा चेंडूही हरवू दिला नाही, आणि निष्णाताला मात्र टीवरच थांबून विचार करायला लावला. जाणकार या रचनेला वरचा मान देतात, तो या काटकसरीसाठी.

चल्लघट्ट्याच्या मैदानाची आखणी पीटर थॉमसन या ऑस्ट्रेलियन रचनाकाराची आहे. १९५४, १९५५ आणि १९५६ अशी सलग तीन वर्षे आणि पुढे १९५८ व १९६५ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकणारा हा खेळाडू भारतीय गोल्फचा जुना स्नेही होता. इंडियन ओपन त्याने तीनदा जिंकली आणि दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची पुनर्रचनाही केली. त्याचे मोठे विजय ‘लिंक्स’वरचे, म्हणजे समुद्रकाठच्या वालुकामय, वारा सोसणाऱ्या मैदानांवरचे. तिथे चेंडू हवेत किती उंच गेला यापेक्षा जमिनीवर पडल्यावर तो कुठे घरंगळेल याचा हिशेब मोलाचा असतो. लिंक्सची वाळू पाणी चटकन शोषते, तलावाचा गाळ मात्र ते धरून ठेवतो. त्यामुळे अशा जागी चेंडू पळावा असे वाटत असेल तर रचनाकाराला आधी निचऱ्याचा अभियंता व्हावे लागते.

ग्रीनचा उभा छेद घेतला की हे स्पष्ट होते. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे जगभर रूढ झालेल्या पद्धतीत तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर सुमारे १०० मिलिमीटर खडीचा थर आणि त्यावर सुमारे ३०० मिलिमीटर वाळूप्रधान मिश्रण असते. बारीक वाळूतले पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, ते सीमेवर तोलून राहते. ओलावा मुळांना मिळतो आणि जास्तीचे पाणी भार वाढताच खाली निसटते. या थरावर उष्ण प्रदेशांत बहुधा संकरित बर्म्युडा गवत लावतात. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतात ती दूर्वाच. तिचा आफ्रिकी भाऊबंदाशी संकर करून अमेरिकेतील टिफ्टन येथे बारीक पात्याच्या जाती सिद्ध झाल्या. हे गवत एका अंगाला कललेले वाढते, त्यामुळे कलाच्या दिशेने ढकललेला चेंडू वेगाने जातो आणि उलट दिशेने गेला तर अडखळतो. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या ग्रीनवरही उताराखेरीज हा दुसरा, अदृश्य कल वाचावा लागतो.

अशा रचनेत ताकदीपेक्षा विचाराला भाव कसा मिळतो, याचे उदाहरण बंगळुरूतच गोल्फ शिकलेल्या अदिती अशोक हिने जगापुढे ठेवले. टोकियो ऑलिंपिकची स्पर्धा झालेल्या कासुमिगासेकी मैदानाला चार्ल्स ॲलिसन या कोल्टच्या भागीदाराने १९३० च्या सुमारास खोल बंकर दिले होते. तिथे तिच्याहून कितीतरी लांब टोले मारणाऱ्या खेळाडू असूनही ती अचूक पुटिंगच्या, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांच्या, बळावर चौथी आली आणि कांस्यपदक केवळ एका फटक्याने हुकले. मैदान नुसते लांबच लांब असते तर तिच्या कौशल्याला वावच राहिला नसता. लांबी वाढवणे हा रचनाकाराचा सर्वांत सोपा आणि सर्वांत खर्चिक उपाय. तो जमीन खातो, पाणी पितो आणि निवडीचे प्रश्न मात्र वाढवत नाही.

पाण्याची आणि जमिनीची ही किंमत बंगळुरूत डोळ्याआड करता येत नाही. एकाखाली एक अशा साखळीने बांधलेल्या तलावांनी हे मोठी नदी नसलेले शहर शतकानुशतके जगवले. त्यांतला एक तलाव मोजक्यांच्या खेळाचे मैदान झाला, हा आक्षेप रास्त आहे आणि थॉमसनच्या कारागिरीने तो पुसला जात नाही. खोऱ्याच्या तळाशी आखलेल्या मैदानावर पावसाळ्यात वरच्या वस्त्यांचे पाणी येणारच. त्याला साठायला, मुरायला आणि सावकाश पुढे जायला जागा देणे हे अशा रचनेचे पहिले कर्तव्य ठरते. योगायोग असा, की खेळाच्या दृष्टीनेही तेच हिताचे असते, कारण पाण्याची नैसर्गिक वाट राखली की वळणे, खोलगट भाग आणि तिरके अडथळे आयते मिळतात, आणि ती बुजवली की तेच सारे यंत्रांनी पुन्हा उकरावे लागते. म्हणून अठराव्या, म्हणजे शेवटच्या, ग्रीनवरून परतणाऱ्या जाणकाराने धावसंख्येसारखा फटक्यांचा हिशेब मांडून थांबू नये. मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे आणि पाणी कुठे उभे आहे ते पाहावे. रचनाकाराला जमीन किती कळली होती, याचा तेवढा सरळ पुरावा दुसरा नाही.