माशांची बदली

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असे सगळेच सांगतात. तो छंद कोणाचा असावा, हे मात्र कोणी सांगत नाही. मला लागला तो मुलाचा. म्हणजे छंद त्याचा आणि निस्तरणे माझे. चिरंजीव नोकरीसाठी बंगळूरला गेले आणि जाताना खाऱ्या पाण्याची काचपेटी, तीत दोन नारिंगी-पांढरे विदूषक मासे, चार गोगलगाई आणि एक कोळंबी, एवढा संसार आमच्या पदरात टाकून गेले. "बाबा, फक्त जिवंत ठेवा," एवढीच अट.

आता आमचे गाव नगर. २०२४ साली त्याचे अहिल्यानगर झाले, पण समुद्र होता तिथेच राहिला. जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, पण चारी बाजूंना जमीनच. निजामशाहीत इथे भर तलावात फराहबक्ष महाल बांधला. पुढे तलाव आटला आणि महाल तेवढा कोरड्यात उभा राहिला. जिथे बादशाही महालाभोवतीचे पाणी टिकले नाही, तिथे एका पेन्शनराने दिवाणखान्यात समुद्र टिकवायचा होता!

या समुद्राला लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ लागते. आमची पेटी १२० लिटरची, म्हणजे सव्वाचार किलो. मी भाबडेपणाने वाण्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, औंदा लोणचं जोरात दिसतंय." घरी येऊन फोन केला तेव्हा कळले, की स्वयंपाकातले मीठ चालत नाही; समुद्रातले कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे असलेले खास मीठ लागते आणि ते कुरियरने येते. दर किलोचा भाव ऐकून ही म्हणाली, "एवढ्यात साजूक तूप येईल."

तरीही सहा महिने बरे गेले. मग एका सकाळी माशांच्या अंगावर साखर भुरभुरावी तसे पांढरे ठिपके दिसले. मासे दगडाला अंग घासत होते. शेजारचे अण्णा चहाला आले होते. त्यांनी चष्मा लावून निदान केले, "देवी आल्यात."

"अहो, देवी जगातून गेल्याचं १९८० सालीच जाहीर झालंय."

"माणसांच्या गेल्या. माशांना कोणी टोचलं होतं?"

यावर उत्तर नव्हते. अण्णांनी उपायही सांगितला: लसूण ठेचून खाण्यात मिसळायचा. त्यांच्या सौभाग्यवतींनी हळद सुचवली. समोरच्या आजी देवघरातला तांब्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तो पेटीत बुडवून ठेवा म्हणाल्या. तांब्या मी नम्रपणे परत केला, पण लसूण चालू केला. आणि काय सांगू, पाचव्या दिवशी ठिपके गायब! अण्णांनी गल्लीभर सांगितले. दोघांनी त्यांना स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही विचारले. मी पेढे आणले.

आठवड्याने ठिपके परत आले. तिप्पट.

रात्री फोनवर मुलाने मला त्या रोगाचे चरित्र सांगितले. या परजीवीचे नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. आडनावावरूनच स्वभाव कळावा. हा माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरतो, तीन ते सात दिवस यथेच्छ जेवतो आणि पोट भरले की आपण होऊन उतरतो. मग तळाच्या वाळूत, दगडांवर स्वतःभोवती कवच करून दार लावून घेतो. आत एकाचे दोनशे होतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, दार उघडते आणि सगळी पिलावळ मासा शोधत सुटते. एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरते. पेटीत मासा न मिळायला काय झाले?

म्हणजे पाचव्या दिवशी ठिपके जातात ते औषधाने नव्हे, पाहुण्यांचे जेवण आटोपल्यामुळे. त्या दिवशी जो कोणी लसूण, हळद, अंगारा घेऊन उभा असेल, तो धन्वंतरी ठरतो. हे ऐकल्यापासून माझा अनेक नामवंत वैद्यांबद्दलचा आदर थोडा पातळ झाला आहे.

"मग औषध नाहीच का रे?"

"आहे ना. तांबं."

मी दचकलो. आजी बरोबर होत्या! पण हे तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, आणि तेही रोज मोजून. कमी पडले तर रोग जगतो, जास्त झाले तर मासा मरतो. शिवाय गोगलगाई आणि कोळंबी तांब्याने मरतातच. दगड-वाळू ते शोषून घेतात ते वेगळेच. माझी नजर आता अशी, की मीठ म्हणून चहात रवा टाकतो. मी म्हटले, "दुसरं काही?"

"दुसरं म्हणजे बदली."

हा उपाय फार सोपा आहे. माशांना दुसऱ्या टबात ठेवायचे आणि दर तीन दिवसांनी नव्या पाण्याच्या स्वच्छ टबात हलवायचे. अशा चार बदल्या. परजीवी अंगावरून उतरून कवचात प्रपंच वाढवतो तोवर मासा पुढच्या गावी गेलेला असतो. रिकामा टब धुऊन कडक उन्हात वाळवायचा. ऊन या एका बाबतीत नगर कोणाला हार जाणार नाही.

बदलीतले मला कळते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी शेवगाव, पाथर्डी, जामखेड, अकोले असा जिल्हा पालथा घातला आहे. फरक एवढाच, की माझी बदली तीन वर्षांनी व्हायची आणि तिचा कोणाला गुण आल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्न टबांचा होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या दिवशी हिचे दोन मोठे टब भरून ठेवावे लागतात. ही म्हणाली, "दोन माशांसाठी आम्ही बादलीवर आलो." पण टब तिनेच घासून दिले. तीस लिटर पाणी, एक किलोला थोडे जास्त मीठ, खारटपणा आणि उष्णता जुन्या पाण्याइतकीच. पहिल्या बदलीनंतर मासे एका कोपऱ्यात जाऊन बसले. खाईनात. मी हवालदिल. ही शांतपणे म्हणाली, "जामखेडला गेलो तेव्हा आपला हा दोन दिवस जेवला नव्हता. आठवतं?"

मला आठवत नव्हते. मी तेव्हा ऑफिसात रुजू होत होतो.

चार बदल्या झाल्या. ठिपके गेले आणि या वेळी परत आले नाहीत. पण मूळ पेटीत कवचे असणार. म्हणून खबरदारी घेऊन ती अडीच महिने माशांविना ठेवली. तेवढे दिवस मासे हिच्या टबात भाडेकरू, आणि मी सतत पाणी बदलणारा गडी. या काळात मुलाचा फोन रोज यायचा. एरवी "बरं आहे ना? बरं आहे" एवढ्यावर ठेवणारा मुलगा अर्धा अर्धा तास बोलायचा. मासे, मीठ, पाणी. एके दिवशी मी सहज म्हटले, "अरे, जामखेडला तू दोन दिवस जेवला नव्हतास म्हणे."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन दिवस, बाबा." आणि हसला. "आता त्यांना हलवू नका. पेटी तयार झाली की एकदाच, कायमचं."

दिवाळीला तो आला. चपला काढायच्या आधी पेटीपुढे उकिडवा बसून त्याने मोजले: दोन मासे, चार गोगलगाई, एक कोळंबी. "बाबा, हे तुम्ही एकट्याने केलंत?"

मी छाती थोडी पुढे काढणार, तोच दारातून अण्णांचा आवाज आला, "लसूण हो, लसूण!"

टब मात्र हिला अजून परत मिळालेले नाहीत. मुलगा जाताना आणखी एक मासा ठेवून गेला आहे. नवा मासा आधी वेगळा ठेवून त्याच्याही बदल्या करायच्या असतात म्हणे. फोन रोज येतो.