उकळलेलें पाणी

पाणी उकळून प्यावें, हा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा नियम. आधीं तें पांढऱ्या फडक्यानें गाळावयाचें, मग पातेल्यास चांगली उकळी येऊं द्यावयाची आणि निवल्यावर झाकून ठेवावयाचें. यांत माझ्याकडून कधीं कसूर झाली नाहीं. त्याचा मला थोडा गर्वच होता, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. तो गर्व माझ्या दोन महिन्यांच्या नातवानें उतरविला.

तीस वर्षांपूर्वीं आम्हीं कात्रजच्या उतारावर घर बांधलें, तेव्हां भोवतीं माळ होता. भुयारी गटार तेथवर पोंचलें नव्हतें. म्हणून घरामागें, चढाच्या बाजूस, शौचकूप व शोषखड्डा केला आणि पुढें अंगणांत विंधनविहीर घेतली. पाणी लागलें तेव्हां नारळ फोडला. पाण्यास वास नाहीं, रंग नाहीं, चव गोड. “पेशव्यांनीं येथलें पाणी पुण्यास नेलें तें काय उगीच?” असें हे पाहुण्यांना अभिमानानें विचारीत. गोष्ट खरीच आहे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजला तलाव बांधून तेथलें पाणी भुयारी नळांतून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत खेळविलें. पण त्या वेळीं वर डोंगरावर वस्ती विरळ होती. तें पाणी कोणाच्या परसांतून झिरपून येत नव्हतें.

मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आली. अंगावरचें दूध पुरेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनीं दुधाची भुकटी लिहून दिली आणि विचारलें, “पाणी कसलें वापरतां?” मीं ठसक्यानें सांगितलें, “घरच्याच बोअरचें. पण वीस मिनिटें उकळून!” त्या क्षणभर थांबल्या. “आजी, उकळल्यानें जंतु मरतात, नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटतें आणि तें तेवढेंच राहतें. आधीं पाणी तपासून घ्या.”

भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लीटरमागें ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतें. आमच्या पाण्यानें ती मर्यादा केव्हांच ओलांडली होती. तान्ह्या मुलाच्या पोटांत नायट्रेटचें नायट्राइट होतें आणि मग रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते. मूल निळें पडूं लागतें. अमेरिकेंतल्या आयोवा प्रांतांत डॉ. हंटर कॉम्ली यांनीं १९४५ सालीं विहिरीच्या पाण्याचा हा दोष प्रथम दाखवून दिला. आमच्या बाळाचे ओठ गुलाबी होते; तरी त्या रात्रीं मीं दिवा लावून ते तीनदां पाहिले.

हें आलें कोठून? आमच्या आसपास शेत नाहीं, खत नाहीं. उत्तर परसांतच होतें. शौचकुपांत गाळ खालीं बसतो. पण मलमूत्रांतलें नत्र बहुतेक अमोनियाच्या रूपानें पाण्याबरोबर बाहेर पडतें. जमिनींत हवा लागली कीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्रेट बनवितात. माती घाण अडविते, वास घालविते. नायट्रेट मात्र तिला धरवत नाहीं. मुरुमांतून आणि काळ्या कातळाच्या भेगांतून तें पाण्याबरोबर चालूं लागतें. म्हणून तर असें पाणी निर्मळ दिसतें, आणि फसवितें.

ह्यांनीं कागद घेऊन हिशेब मांडला. माणशीं रोज सुमारें १० ग्रॅम नत्र बाहेर पडतें. त्या सगळ्याचें नायट्रेट झालें तर ४४ ग्रॅम. तें मर्यादेंत राहावयास रोज सुमारें १००० लीटर स्वच्छ पाणी हवें. पुण्याचा पाऊस वर्षास ७०० मिलिमीटर धरला आणि त्याचा दहावा हिस्सा मुरतो असें मानलें, तर एका गुंठ्यास वर्षाकाठीं ७००० लीटर मिळतात. म्हणजे एका माणसामागें पन्नास गुंठे! निम्में नत्र वायुरूप होऊन उडून गेलें असें धरलें, तरी पंचवीस. आमचें सारें आवार पांच गुंठ्यांचें, आणि माणसें चार.

पाण्यास कोणाचा हात लागला, याची आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चौकशी झाली. आपल्या घरचें पाणी कोठें जातें, याची कोणीं केली नाहीं. खरें म्हणजे गटार आमच्या गल्लींत दोन वर्षांपूर्वींच आलें होतें. जोडणीचा खर्च कशाला, शौचकूप चांगला चालला आहे, म्हणून आम्हींच टाळलें होतें. आतां जोडणी घेतली. बाळासाठीं तपासलेलें पाणी बाहेरून आणूं लागलों. मात्र जमिनींत मुरलेलें एका पावसाळ्यांत धुऊन जात नाहीं. विहीर सुधारावयास वर्षें लागतील.

एक काम उरलें होतें. आमच्या खालच्या अंगास एक तरुण जोडपें राहतें. त्यांची विंधनविहीर आमच्या उतारावर, आणि घरांत चार महिन्यांची मुलगी. तेथें जावयास पाय उचलेना. आपल्या परसाचा दोष आपल्याच तोंडानें सांगावयाचा! तरी गेलें आणि सर्व सांगितलें. ती मुलगी रागावली नाहीं. ऐकून घेतलें, उठून चुलीवरचें पातेलें उतरविलें, आणि जरा वेळानें खिडकींतून उताराकडे पाहत म्हणाली, “काकू, आमचाही शौचकूपच आहे. आमच्या खालीं कोणाची विहीर आहे हो?”

आम्ही दोघी तशाच विचारावयास निघालों.