खापर कोणाच्या माथीं?

आमच्या भाचीचें बिऱ्हाड कॅनडांत टोरांटोजवळ आहे. तिची सहा वर्षांची मुलगी गेल्या वर्षीं फ्रेंचमधून शिकविणाऱ्या वर्गांत बसली, हें कळतांच आम्हीं भाचीला एक लांबलचक पत्र लिहिलें. घरांत मराठी, रस्त्यावर इंग्रजी. त्यांत ही तिसरी भाषा घुसली म्हणजे पहिलीचा बळी जावयाचा, असा आमचा युक्तिवाद होता. इंग्रजी शिकवून ज्यांचें पोट भरतें त्यांनींच मातृभाषेचा असा कैवार घ्यावा, यांतील गंमत त्या वेळीं आमच्या ध्यानीं आली नाहीं.

आधीं मत देऊन मग पुरावा शोधणें ही आमच्या पेशाची जुनी खोड आहे. प्रथम इंग्लंडचें उदाहरण हातीं लागलें, आणि तें आम्हांस फारच आवडलें. तेथें आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकविण्याचा मोठा प्रयोग १९६४ सालीं सुरू झाला. क्लेअर बर्स्टल यांनीं १९७४ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. लवकर आरंभ करणारीं मुलें सोळाव्या वर्षीं ऐकून समजण्यांत तेवढीं पुढें होतीं. बाकी बाबतींत अकराव्या वर्षीं आरंभ करणारांनीं त्यांना गांठलें होतें. आम्ही हर्षभरित झालों. त्याच इंग्लंडनें २०१४ पासून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळांत एक परकी भाषा आवश्यक केली, हें वाक्य मात्र आम्हीं घाईघाईनें ओलांडलें.

पण खुद्द कॅनडाची साक्ष टाळतां येईना. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गांवीं १९६५ सालीं इंग्रजीभाषी पालकांनीं हट्टानें बालवर्गापासून फ्रेंच माध्यम सुरू करविलें. मॅक्‌गिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट यांनीं त्या मुलांची प्रगति वर्षानुवर्षें तपासली. इंग्रजी वाचनांत मुलें आरंभीं मागें पडलीं. इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर तीं बरोबरीस आलीं. अशा वर्गांतल्या मुलांच्या फ्रेंच बोलण्यांत लिंगाच्या चुका राहतात खऱ्या. पण मातृभाषेचें नुकसान झालें नाहीं.

यंदा मे महिन्यांत मायलेकी पुण्यास आल्या. जेवतांना आमच्या सौभाग्यवतींनीं “भात वाढूं का ग?” म्हणून विचारलें, तर पोर आईच्या तोंडाकडे पाहूं लागली. आम्ही विजयी स्वरांत म्हणालों, “पाहिलेंस? फ्रेंचनें मराठी गिळली!”

“मामा,” भाची शांतपणें म्हणाली, “फ्रेंच गेल्या वर्षीं आली. मराठी त्याच्या आधींच गेली. आम्ही दोघें तिच्याशीं इंग्रजींतच बोलतों. आणि तुम्ही दर रविवारीं टेलिफोनवर तिच्याशीं कोणत्या भाषेंत बोलतां?”

आमचा घांस हातांतच राहिला.

सेंट लँबर्टचा अर्थ आम्हांस तेव्हां नीट कळला. तेथील मुलांची इंग्रजी टिकली, कारण घर, अंगण आणि बाजार तिच्या बाजूला होते. या पोरीच्या मराठीला तिकडे ना अंगण, ना बाजार. घर तेवढें होतें, आणि तेंही आम्हीं मोठ्यांनींच काढून घेतलें. खापर मात्र शाळेच्या माथीं!

आतां रविवारीं आम्ही तिच्याशीं मराठींतच बोलतों. पांच मिनिटांत दोघांचीही दमछाक होते. फ्रेंचमध्यें दोनच लिंगें, मग मराठींत तीन कशाला, असें तिनें एकदां विचारलें. प्राध्यापकांना उत्तर देतां आलें नाहीं. परवां मात्र ती आपणहून म्हणाली, “आजोबा, आज मी भात खाल्ली.” चूक आम्हांस ऐकूं आली, पण दुरुस्ती आम्हीं पुढच्या रविवारावर टाकली.